दुसऱ्याच्या भिंतीवर

"का थांबलीस? वाच की पुढे," बाई म्हणाल्या.

सून थांबली होती खरी. आतल्या खोलीत संगणकासमोर बसून ती एका भिंतीच्या फोटोतला मजकूर मोठ्याने वाचत होती आणि बाहेर स्टुलावर बसून बाई दिव्यांच्या काचा पुसत होत्या. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, जाड काळा पडदा होता. फिल्मा धुवायच्या काळात तो लावलेला. फिल्मा गेल्या, पण बाईंनी पडदा काढू दिला नव्हता. त्याच्याआडून मघापासून सुनेचा एकसुरी आवाज येत होता. खोकला थांबत नाही. खिडकी लावू नका. शेजारची खाट आज रिकामी झाली. आणि मग एकदम काहीच नाही.

"जीभ टाळ्याला चिकटली का?"

"इथे जरा चुकीचं उतरलंय, आई."

"चुकीचं तर चुकीचं वाच. मला काय त्यावर परीक्षा द्यायचीय?"

सून आणखी जराशी घुटमळली. मग तिने वाचलं, "नळ गळतोय, उद्या बघतो."

बाईंच्या हातातली काच हातातच राहिली.

स्वयंपाकघरातला नळ टिल्लू होता तेव्हापासून गळत होता. रोज कोणीतरी त्याला आठवण करायचं आणि रोज तो मान डोलावून म्हणायचा, उद्या बघतो. टिल्लू म्हणजे बाईंचा एकुलता एक लेक आणि या सुनेचा नवरा. लहानपणी बोटभर होता म्हणून नाव पडलं टिल्लू. पुढे ताडमाड वाढला, दारातून वाकून यायला लागला, तरी टिल्लूच राहिला. गेल्या वर्षी टेकडीच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडून तो गेला. नळ अजून गळत होता.

"मेला तरी उद्याच," बाईंच्या तोंडून निघून गेलं. आपण काय बोललो ते स्वतःच्याच कानावर पडलं तेव्हा त्यांच्या हातांवर काटा उभा राहिला.

पडदा सारून त्या आत गेल्या. स्क्रीनच्या अर्ध्या भागात भिंतीचा फोटो होता, चुना, ओल, पोपडे आणि खालच्या कोपऱ्यात दाट काळोख. उरलेल्या अर्ध्या भागात टाइप केलेल्या स्वच्छ ओळी. बाईंची शाळा चौथीतच सुटली होती. अक्षरं त्यांना ओळखू यायची, पण एकेक करून, गर्दीतून आपलं माणूस शोधावं तशी. त्यांनी शोधली. नळ. गळतोय. उद्या.

"हे त्या भिंतीवर लिहिलंय?"

"नाही आई. भिंतीवर दुसरंच काहीतरी असणार. या संगणकातल्या वाचकाला ते असं दिसलं."

"वाचकाला आपला नळ कसा ठाऊक?"

 ओळ पुसायला सुनेचा हात कळांकडे गेला, तेवढ्यात बाईंनी तिचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

त्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ एकच होता आणि स्टुडिओवाल्या बाई म्हटलं की पत्ता विचारावा लागत नसे. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना कॅमेऱ्याची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हेही कळत नव्हतं. नवरा मात्र नामी फोटोग्राफर. माणूस खुर्चीत बसायच्या आधीच त्याला कळायचं की याचा फोटो कुठून चांगला येईल. बाई त्याला या घराचा डोळा म्हणत आणि हे त्या घरात नाही, चारचौघांत म्हणत. नवरा गेला, डोळा लेकात उतरला, आणि बाईंची मान होती त्याहून ताठ झाली. गिऱ्हाइकाने हनुवटी वर केली नाही तर बाहेरून त्यांचा आवाज यायचा, की फोटो तुमचा काढायचाय की तुमच्या बुटांचा. लोक हसत आणि हनुवटी वर करत. पलीकडच्या चौकातल्या फोटोग्राफरला चष्मा लागला तेव्हा बाईंनी रस्त्यावर उभं राहून सांगितलं होतं, आता आंधळे स्टुडिओ चालवायला लागले. तो बिचारा दुकान बंद करून गावी गेला. कशाने गेला कोण जाणे, पण बाईंनी ते आपल्या खात्यावर जमा करून घेतलं.

पुढे लोकांच्या खिशाखिशात कॅमेरे आले आणि खुर्चीत बसायला कोणी येईना. तेव्हा टिल्लूने हे नवं काम धरलं. कुठे जुन्या पाट्या, कुठे दगडावरची कोरीव अक्षरं, कुठे भिंतीवरचं लिखाण, जे उचलून आणता येत नाही त्याचे फोटो काढायचे आणि त्यातला मजकूर संगणकावर असा उतरवून द्यायचा की मग तो हवा तसा खोडता यावा, जोडता यावा, छापता यावा. फोटो तो साधे काढायचा नाही, रॉ काढायचा. रॉ फाइल म्हणजे काय हे त्याने आईला समजावलं होतं. ती अजून फोटोच नसते. भिंगातून जेवढा म्हणून उजेड आत आला तेवढा सगळा ती जसाच्या तसा साठवून ठेवते. सूत असतं, कापड व्हायचं असतं. वरून बघितलं तर नुसता काळोख दिसतो, पण त्या काळोखात कॅमेऱ्याने पाहिलेलं बरंच काही दडून असतं आणि नंतर हळूहळू वर काढता येतं. बाईंना ते पटलं होतं. माणसंही अशीच असतात, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

तो काळोख वर काढायचा, तिरकं असेल ते सरळ करायचं, रंग काढून टाकायचे, आणि मग ते वाचकाच्या पुढ्यात ठेवायचं. वाचक म्हणजे फोटोतलं लिखाण वाचून टाइप करून देणारा प्रोग्राम. ते नाव टिल्लूचं. शेवटी वाचकाने केलेल्या चुका माणसाने बसून दुरुस्त करायच्या. टिल्लू असताना हे सगळं तो आणि सून मिळून करायचे. आता सून एकटी करत होती.

टेकडीवर छातीच्या रोग्यांचा जुना दवाखाना होता. कित्येक वर्षं बंद पडलेला, आता पाडायला काढलेला. पाडायच्या आधी तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना एक गोष्ट हवी होती. खाटांवर पडून राहिलेल्या रोग्यांनी खिळ्याने, चमच्याने, हाताला लागेल त्याने भिंतींवर लिहून ठेवलं होतं. वरून किती वेळा चुना लागला तरी उजेड बाजूने पाडला की ते वर यायचं. ते सगळं उतरवून द्या, म्हणाले. टिल्लू जात राहिला, एकेक खोली टिपत राहिला. शेवटची खोली टिपून उतरतानाच वळणावर ट्रक आला. स्कूटरचा चुराडा झाला. कॅमेऱ्याची पिशवी मात्र उडून गवतात पडली होती, आतल्या काचेवर ओरखडाही नव्हता. कोणीतरी ती घरी आणून दिली तेव्हा बाईंनी ती उघडून बघितली, काच फुंकरीने पुसली आणि कपाटात ठेवली. रडल्या नंतर.

कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड पुष्कळ दिवस तसंच पडून होतं. शेवटी डॉक्टरांचा निरोप आला, की घाई नाही, पण इमारतीला आता फार दिवस नाहीत. तेव्हा सून कामाला बसली.

आणि नळाची ती ओळ आली त्या दिवशी बाईंनी बाहेरचं स्टूल उचलून आत आणलं.

वाचक रोज वाचत होता. उजेडाच्या भिंतींवर रोग्यांचं बोलणं सरळ उतरायचं, ताप, थुंकी, पेजेचा कंटाळा, कोणाकोणाची आठवण. पण फोटोत ओल आली, भेग आली, काळोखाचा कोपरा आला की मधेच टिल्लू बोलायचा. चहा पुन्हा गोड झालाय. स्कूटरची किल्ली कुठे ठेवलीस. पंखा जरा कमी कर, कागद उडतायत. त्याचंच बोलणं, त्याच्याच तऱ्हेचं, ना पुढचं ना मागचं. खोकला थांबत नाही, आणि लगेच खालच्या ओळीत, माझा निळा शर्ट वाळला का. जणू त्या लांबच लांब खोलीत एका रिकाम्या खाटेवर तोही येऊन पडला होता.

बाई उत्तरं द्यायला लागल्या. गोड झालाय तर पिऊ नको. किल्ली खुंटीला आहे, डोळे फुटले का. सुनेच्या पाठीवर शहारा यायचा. आतल्या खोलीत खिडकी नव्हती. बाहेर भर दुपार असली तरी पडद्याच्या आत स्क्रीनचा तेवढा निळसर उजेड आणि त्यात सासूचा चेहरा, कान टवकारून बसलेला.

एकदा वाचकाने लिहिलं, तू हसलीस की फोटो हलतो. सुनेने ते मनातल्या मनात वाचलं आणि पुढच्या ओळीवर उडी मारली. बाईंनी एकेक अक्षर जुळवून तोवर ते गाठलं होतं.

"हे मला नव्हे," त्या म्हणाल्या आणि उगाचच बाहेर जाऊन पुसलेल्या काचा पुन्हा पुसत बसल्या.

हळूहळू त्यांनी उजेडाच्या फायली मागे टाकायला लावल्या. काळी बघून काढ, त्या म्हणायच्या. सगळ्यात काळी कोणती, ती लाव. दुरुस्तीचं नावही काढू देईनात. सून सांगून थकली, की असं कच्चं काम डॉक्टरांना कसं द्यायचं. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने तोंड मिटलं.

आणि मग एका दुपारी, खिडकीखालच्या काळ्या पट्ट्यातून, वाचकाने लिहून दिलं, आईला सांगू नकोस.

चार शब्दसुद्धा नव्हते. सुनेने झटकन फाइल मिटली. उशीर झाला होता. 'आई' हा शब्द बाईंना शोधावा लागत नसे.

त्या उठल्या. काही बोलल्या नाहीत. न बोलणं हा त्यांचा स्वभाव नव्हे, म्हणून घर जास्तच ओसाड वाटायला लागलं. चहा ठेवला की निवून जायचा. ताट वाढलं की अर्धं परत यायचं. दुधवाल्याशी भांडण झालं नाही, शेजारणीच्या टोपलीत कचरा कसला यावर शेरा आला नाही. रस्त्यावरच्या लोकांनी सुनेला विचारलं, बाई आजारी आहेत का. सून नाही म्हणाली. आत बाई पलंगावर बसून एकाच गोष्टीचं सूत कातत होत्या. लेकाचं आपल्यापासून लपवण्यासारखं काय होतं? मेल्यावर येऊन तो सगळं बोलतो, नळाचं बोलतो, शर्टाचं बोलतो, आणि हे तेवढं आईला नको?

असं चाललेलं असताना डॉक्टर स्वतःच टेकडी उतरून आले. मऊ बोलायचे, बसताना खुर्चीला सांभाळून बसायचे. सुनेने काढून ठेवलेली कच्ची पानं त्यांनी मागून घेतली आणि बाहेरच्या खोलीत उजेडाला धरून वाचायला लागले. वाचताना अधूनमधून त्यांची मान हलायची, हा कोण ते त्यांना कळायचं. ही शाळामास्तरीण. हा मोटारीचा ड्रायव्हर. मग ते अडखळले.

"तू हसलीस की फोटो हलतो," त्यांनी पुन्हा वाचलं. "आमच्याकडे कॅमेरा कोणाकडे होता बरं?"

सून जमिनीकडे बघायला लागली. बाईंनी मान वळवली.

डॉक्टरांनी पानं चाळली आणि एकावर बोट ठेवलं. ही कोपऱ्यातली खाट, इथे एक शिंपी होता, असं ते सांगायला लागले. बोलत नसे फारसा. उशाला सुई लपवून ठेवायचा, नर्सला वाटायचं जिवाचं काही बरंवाईट करेल म्हणून. पण तो भिंतीवर लिहायचा. अगदी खाली, जमिनीजवळ, कुशीवर वळून. आपण रोज तिथून जायचो, कधी वाकून वाचलं नाही, डॉक्टर म्हणाले. त्याची मुलगी तेव्हा एवढीशी होती, तिला आत सोडत नसत. ती आता आजी झालीय. इमारत पडायच्या आधी भिंतीवर बाबांचं काही आहे का, म्हणून तिने विचारलंय. त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेलं. तिथे लिहिलं होतं, आई जेवली का बघ.

"शिंप्याला आई नव्हती," डॉक्टर म्हणाले. पण नक्की कोणाला ठाऊक, असंही म्हणाले, आणि पानं नीट जुळवून परत देऊन निघून गेले.

दार लागलं तशा बाई सुनेपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काय सांगायचं नव्हतं मला?"

"आई, ते जुनं आहे."

"जुनं असो की नवं. तो गेला, आता तुझ्याशिवाय मला सांगणारं कोण आहे?"

सून खाली बसली. बसली ती जमिनीवरच. मग तिने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, मधे नाक पुसत. वाचकाला शिकवावं लागतं. त्याला हाताचं लिखाण येत नाही, मग आपण लिहायचं, त्याचा फोटो काढायचा, त्याने चुकीचं वाचलं की दुरुस्त करायचं, की तो शिकतो. काळोखातलंही वाचता यावं म्हणून टिल्लू मुद्दाम कमी उजेडात फोटो काढायचा. आणि लिहायचं काय, तर सुचेल ते. जेवणं झाली की दोघं आतल्या खोलीत बसायची, तो लिहायचा आणि ती हसायची. घरात जे बोललं जाई तेच लिहायचा. चहा, किल्ली, पंखा, नळ. वाचकाने पहिल्यांदा काळोखात जे पाहिलं ते टिल्लूचं बोलणं. म्हणून आता कुठे अंधार दिसला की त्याला तेच दिसतं. भूत नाही आई, सून म्हणाली. सवय आहे.

"आणि मला सांगू नकोस ते?"

"त्यांचा डावा डोळा जात चालला होता."

बाईंनी भिंतीला हात टेकला.

मधोमध डाग पडला होता, सून सांगत राहिली, बाजूचं दिसायचं, समोरचं नाही. दुसऱ्यातही सुरुवात झाली होती. उजेडाचा अंदाज चुकायचा म्हणून ते सगळं रॉ काढायचे, चुकलं तरी नंतर सावरून घेता येतं. आणि वाचकाला शिकवत होते ते धंद्यासाठी नव्हेच. पुढे आपल्याला वाचता येणार नाही तेव्हा हा वाचून दाखवेल म्हणून. मी म्हटलं आईंना सांगू. तर त्यांनी ते कागदावर लिहून माझ्यापुढे धरलं आणि मग फोटोही काढला त्याचा.

"का?" बाईंनी विचारलं. पण तो प्रश्न त्यांनी अर्ध्यावरच सोडला. चौकातला तो चष्मा लावलेला फोटोग्राफर दुकानाची फळी लावत असताना टिल्लू शेजारीच उभा होता, आईचं बोलणं ऐकत.

टेकडीवरचं ते वळण डावीकडचं होतं. बाईंनी ते विचारलं नाही आणि सुनेनेही सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात नळ गळतच होता. मग बाई म्हणाल्या, "तो शिंपी लाव."

आतल्या खोलीत सुनेने ती भिंत उघडली. कोपरा मोठा केला, काळोख थोडा थोडा वर ओढला. आधी नुसते दाणे दिसले, राखेसारखे. मग चुन्याखाली काही बारीक रेघा, सुईच्या टोकाच्या, आडव्यातिडव्या. वाचकाच्या नजरेत न भरणाऱ्या. बाई स्टूल पुढे ओढून नाक लावून बसल्या आणि बोट धरून वाचायला लागल्या. त्यांना वेळ लागत होता, पण सुनेने मदत केली नाही.

"पोरगी... वाढली असेल. बाही... उसवली असेल. कोण..." त्या थांबल्या. "कोण काय?"

"शिवणार," सून म्हणाली.

"तुला आधीच वाचता आलं होतं?"

"परवाच. पण तुम्ही हात लावायचा नाही म्हणालात."

बाई स्क्रीनच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळल्या. त्या ओळींच्या जागी तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, आई जेवली का बघ. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. 

"आपला पोरगा दुसऱ्याच्या खाटेवर झोपलाय," त्या म्हणाल्या. "उठव त्याला."

सुनेचा हात पुढे होईना. तिला आणखी एक सांगायचं होतं आणि ते तिने आता सांगितलं. दुरुस्ती केली की वाचक नवं शिकतो आणि नवं शिकला की जुनं विसरतो. एकेक रोगी दुरुस्त करत गेलं की टिल्लूचं बोलणं झिजत जाणार. आणि एक फाइल अजून उघडलीच नव्हती. सगळ्यात शेवटची. सगळी काळी आहे, खोलीत काढलेली नाही. टिल्लूने सामान आवरून पिशवी बंद केल्यानंतरची आहे, कॅमेऱ्यातल्या वेळेवरून कळतं. स्कूटर आपटली तेव्हा पिशवीत कॅमेऱ्याची कळ आपोआप दाबली गेली असावी.

"ती आधी केली तर वाचक काहीतरी लिहील," सून म्हणाली. "एवढा काळोख आहे, काहीतरी लिहीलच. नंतर केली तर नाही."

बाईंनी त्या लहानशा काळ्या चौकोनाकडे पाहिलं. स्क्रीनच्या तळाशी, भिंतींच्या रांगेत सगळ्यात शेवटी तो बसला होता. आत काही नसेल. पिशवीचं अस्तर असेल. पण त्या क्षणाला लेक त्या काळोखाच्या हातभर अंतरावर होता आणि त्याच्यानंतर त्या क्षणाजवळ गेलेलं दुसरं काही या जगात नव्हतं. 

"आधी माणसं," बाई म्हणाल्या. "त्या पोरीने विचारलंय ना."

मग कामाला खंड पडला नाही. बाई भिंतीवरचं शोधून वाचायच्या, सून टाइप करायची. दोघींचं जमायचं नाही तेव्हा भांडायच्या. बाई म्हणायच्या तो 'ताप' आहे, सून म्हणायची 'माप', मग उजेड थोडा आणखी वर. शिंप्याची ओळ लागली. मास्तरणीने शिकवलेले पाढे लागले. ड्रायव्हरने रस्ते लिहिले होते, गावांची नावं नुसती, एकाखाली एक, तीही लागली. आणि जसजशी ती लागत गेली तसतसा टिल्लू मागे सरकत गेला. आधी त्याची अख्खी वाक्यं यायची, मग अर्धी. पंखा जरा, आणि पुढे काहीच नाही. किल्ली कुठे. मग नुसतं, उद्या. बाई आता उत्तरं देत नव्हत्या. तो शब्द आला की डोळे मिटून घ्यायच्या, सुनेच्या बोटांचा आवाज होईपर्यंत, आणि उघडायच्या तेव्हा तिथे दुसऱ्या कोणाचा तरी ताप असायचा. एका दिवशी सगळ्यात काळी भिंतसुद्धा वाचकाने कुठेही न अडखळता रोग्यांच्याच शब्दांत वाचली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांचं काम छापून, पिशवीत घालून बाहेर टेबलावर ठेवलं. दुपार होती. रस्त्यावर कोणाची तरी पोरं ओरडत होती. बाईंनी समोरचं दार लावून घेतलं, आत आल्या आणि काळा पडदा ओढला.

"आता ती लाव."

सुनेने शेवटची फाइल उघडली. काळोख. तिने तो वर ओढायला सुरुवात केली. थोडा, आणखी थोडा, जेवढा म्हणून जाईल तेवढा. काळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा मातकट. दाणे उकळल्यासारखे दिसायला लागले. त्यांतून आडव्याउभ्या धाग्यांसारखं काहीतरी वर आलं, पिशवीच्या कापडाचं, किंवा तेही नाही. खोलीत दोघींच्या श्वासाखेरीज काही हलत नव्हतं. सुनेने ते वाचकापुढे ठेवलं. त्याने आपला नेहमीचा वेळ घेतला. मग शेजारच्या अर्ध्यात पान उघडलं.

पान कोरं होतं. वरच्या कोपऱ्यात एक बारीक उभी रेघ लुकलुकत होती, कोणी लिहायला बसेल म्हणून वाट बघत असल्यासारखी.

सून हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेजारी स्टुलावर सासू ताठ बसली होती, मान किंचित पुढे, कान त्या पहिल्या दिवसापासून होते तसे टवकारलेले. तिचे हात एकमेकांत घट्ट गुंतले होते आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. सुनेने ते पाहिलं.  आणि रोजच्यासारख्या एकसुरी आवाजात ती वाचायला लागली.

"आज काम लवकर आटोपलं. वर वारा फार छान आहे. डॉक्टरांनी निघताना पेरू दिलेत, दोन तुझ्यासाठी ठेवलेत..."

इथे तिचा आवाज गेला. तिने बाजूला बघायचं धाडस केलं.

बाई स्क्रीनकडेच बघत होत्या. शाळा चौथीची असली तरी कोरं पान कोणालाही वाचता येतं. त्यांच्या डोळ्यांत तो पांढरा चौकोन जसाच्या तसा पडला होता, एक अक्षरही नसलेला.  मग त्यांनी हात सोडवले, एक हात उचलून सुनेच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"पुढे वाच," त्या म्हणाल्या.

सुनेने कळ दाबली. कोरं पान हळूच वर सरकलं.